मायने पाहिलेले आमचे सिनेमे

तो गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी बरेच जण म्हणाले, "तुमचे मित्र गेले." मी मान हलवली. या वयात प्रत्येकाला दुरुस्त करत बसण्याचा दम राहत नाही. ज्यांना माहीत होतं ते मात्र माझ्या शेजारी येऊन बसले, त्यांनी चहा करून दिला, कपबशा विसळून ठेवल्या.

पुण्याची भाची थोडे दिवस राहिली. निघण्याआधी तिने मला तिच्या संगणकावर लघुपटांचा एक संच दाखवला. समलिंगी माणसांच्या आयुष्यावरचे, निरनिराळ्या लोकांनी केलेले छोटे छोटे सिनेमे एकापाठोपाठ लावलेले होते. काही फार चांगले होते. एका सिनेमात दोन पुरुष भांडी घासताना भांडतात, तिथे मी हसलो. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला हे सगळं नवीन असेल ना?"

मी म्हटलं, "नाही. असा एक संच मी तुझ्या जन्माच्या आधी पाहिलाय. सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूत."

तिला वाटलं, म्हातारा दुःखाने भलतंच बोलतोय. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. सावकाश लिहितो, कारण घाई करण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आमचा भाग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, धुळ्याचाच होता. मी शहाद्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. तो एका फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. दिवाळीनंतर त्यांचा तंबू निघायचा, तो गावोगावच्या यात्रा आणि बाजार करत पार ज्येष्ठापर्यंत. पावसाळ्यात तंबू गुंडाळला जाई आणि तो शहाद्याला, मी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत राहायला येई. सुरुवातीला 'भाडं वाचतं' म्हणून येत होता. पुढे दोघांनीही ते कारण सांगायचं सोडून दिलं.

आम्ही एकमेकांचे कोण, याला त्या काळी आमच्याकडे शब्द नव्हता. मी पुस्तकांत शोधला. कवितांत, नाटकांत, कादंबऱ्यांत पुष्कळ प्रेम होतं, पण ते आमच्या मापाचं नव्हतं. त्याच्याकडे तर आठवड्याला नवा सिनेमा येई. तो आपल्या अहिराणीत म्हणायचा, "मास्तर, इतला सिनेमा चालाडा मी, पन आपला एकबी नही."

मग त्याने तो तयार करायला घेतला.

तंबूचा मालक जुन्या, झिजलेल्या प्रिंटा विकत घेई. त्या पदोपदी तुटत. फिल्म तुटली की ऑपरेटरने दोन्ही टोकं ब्लेडने खरवडायची, सिमेंट नावाचं एक उग्र वासाचं द्रावण लावायचं आणि दाबून जोड मारायचा. एवढ्यात प्रेक्षकांच्या शिट्ट्या सुरू झालेल्या असत. प्रिंट अगदीच निकामी झाली की ती भंगारात जाई. त्या भंगारातून मालकाला विचारून तो तुकडे काढून घ्यायचा. घरी आला की खिडकीच्या उजेडात ते डोळ्यांसमोर धरून बसायचा. "हाऊ कामना शे," म्हणायचा आणि तो कामाचा तुकडा दोरीवर चिमट्याने लटकवायचा. आमच्या स्वयंपाकघरात कपड्यांच्या शेजारी असे तुकडे वाळत असत.

त्याची युक्ती साधी होती. एका सिनेमात एक तरुण नदीकाठी नायिकेची वाट बघत उभा होता. याने नायिका कापून टाकली. दुसऱ्या कुठल्या सिनेमात एक शिपाई होडीतून उतरून घराकडे धावत होता, म्हाताऱ्या आईला भेटायला. आईही कापली. उरलेलं जोडलं, आणि नदीकाठी उभा असलेला माणूस होडीतून उतरणाऱ्या माणसाकडे पाहून हसू लागला. एकाची नजर एका गावची आणि दुसऱ्याचं हसू दुसऱ्या गावचं, पण पडद्यावर ती बरोबर एकमेकांना भेटली.

त्यातली आणखी एक गंमत त्याने मला दाखवली होती. फिल्मवर आवाज चित्राच्या जरा पुढे छापलेला असतो. त्यामुळे जोडाच्या जागी आधीच्या माणसाचा आवाज क्षणभर पुढच्याच्या चेहऱ्यावर रेंगाळतो. काठावरचा तरुण म्हणायचा, "इतनी देर?" आणि त्यातला 'देर' येईपर्यंत पडद्यावर शिपायाचा चेहरा आलेला असे. प्रश्न दोघांनी मिळून विचारल्यासारखा वाटे.

असे पाच झाले. दुसऱ्यात दोन विनोदी नट स्वयंपाक करत होते, तो सलग तुकडा होता, त्याला काही करावं लागलं नाही. दोन त्याने स्वतः पुन्हापुन्हा मोडले आणि जोडले, तरी त्याचं समाधान झालं नाही. शेवटचा अगदीच छोटा. बागेतल्या गाण्याची सुरुवात, नायक-नायिका अजून यायचे आहेत, आणि मागच्या बाकावर बसलेले दोन म्हातारे, नाव नसलेले नट, एका कागदातून शेंगा खाताहेत. गाणं सुरू होण्याआधीच त्याने ते कापलं होतं. काही सेकंदांचं असेल. माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा सिनेमा होता.

हे रीळ फक्त आम्हा दोघांपुरतं होतं. ते तिसऱ्या माणसाने पाहायची वेळ आली ती त्याच्या लग्नामुळे.

त्याचं घर ब्राह्मणपुरीला. वडील गेलेले, शेती थोरला भाऊ बघायचा. मायने त्याच्यासाठी मुलगी पाहिली होती, भावाने पसंती कळवली होती, आणि यात्रेत येऊन त्याला फक्त सांगायचं बाकी होतं. तो लग्न करणार नव्हता, हे आमच्यात ठरलेलं होतं. भाऊ चिडेल, याची त्याला फिकीर नव्हती. पण माय तुटली तर? तो घरातला धाकटा. तिच्याशिवाय त्याला सणवार कळत नसत, भाजीत तिखट किती घालायचं तेही तो 'माय एवढं घालते' म्हणून ठरवायचा. माय तुटली असती, तर तो माझ्याजवळ राहिला असता, पण निम्मा. मला ते दिसत होतं. त्यालाही.

मी म्हटलं, "आपण दोघं मिळून सांगू. मी बोलतो."

"तू बोलशी ते पुस्तकसारखं. मायले काय समजी? आनि माले ते सांगताच येवाव नही." दोरीवरच्या तुकड्यांकडे बघून म्हणाला, "दखाडता येई."

सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरात होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मोटारीने पोहोचलो. थंडी मी म्हणत होती. भाऊ घोडे बघायला गेलेला. ऊन उतरल्यावर, पहिल्या खेळाची तिकिटं सुटण्याआधी ऑपरेटर मशीन तपासून घेतो, तेवढा वेळ आमचा होता. रिकाम्या तंबूत त्याने मायसाठी खुर्ची मांडली. ती खुर्चीवर बसली नाही. डोक्यावर पदर ओढून सरळ पडद्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. तिने आयुष्यात सिनेमा पाहिलेला नव्हता. मी मधल्या खांबाशी उभा राहिलो. इंजिन धडधडलं, कार्बनच्या कांड्या पेटल्या, पडदा पांढरा झाला.

माय पडद्याशी बोलू लागली.

"हाऊ कोनी वाट देखी ऱ्हायना व्हई?" मग होडी आली. "उना बाई! उतर रे भाऊ, पाय सांभाळीसन उतर. पानी शे खाले."

दुसऱ्या सिनेमात नटांच्या तव्यावर धूर झाला, तशी ती गुडघ्यांवर उठलीच. "जयनी! भाकर जयनी ना! दोन्हीबी आंधया शेतस का रे?"

मशीनमागे त्याला हसू आवरत नव्हतं. मला ते खांबापाशी ऐकू येत होतं. पुढचे दोन सिनेमे ती पदर हनुवटीशी धरून बघत राहिली. शेवटी ते दोन म्हातारे शेंगा खाताना आले आणि गेले. पडदा पुन्हा पांढरा.

"सरनं?"

"सरनं, माय."

"इतलंच?"

"इतलंच शे."

तिने रिकाम्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग मागे न वळता म्हणाली, "यासमा बाई कोठेच नही."

"नही," तो म्हणाला. इंजिन त्याने बंद केलं होतं, त्यामुळे ते नको इतकं मोठ्याने ऐकू आलं.

"मंग यासले रांधी कोन घालस?"

"त्याच रांधतस."

"रांधतस कसानं. जायतस." जाळतात, असं म्हणून ती उठली, लुगड्याची धूळ झटकली, वाटेत माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, आता काहीतरी ऐकायला मिळणार. तिने माझा सदरा वरपासून खालपर्यंत बघितला, आणि "थंडी शे मास्तर, काही पांघरा," एवढं बोलून कनातीबाहेर गेली. मुलीचा विषय तिने काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला तो तणतणतच. "मायले काय दखाडं रे तू? कालपाइन तोंड उघाडी नही ऱ्हायनी! पोरीवाला माले इचारी ऱ्हायनात, त्यासले काय सांगू?"

"जे खरं शे ते सांग."

"खरं काय शे?" भावाने माझ्याकडे बघितलं. "हाई?" आणि पायाखालचा खडा लाथेने उडवून निघून गेला.

त्यानंतर ब्राह्मणपुरीहून काहीच निरोप आला नाही. पौष गेला, माघ लागला. तंबू शहाद्याच्या जवळपास असेल तेव्हा तो घरी येई, आणि बाजाराच्या दिवशी गावाकडच्या गाड्या येताना दिसल्या की ओट्यावर जाऊन उभा राही. शेवटची गाडी गेली की आत येई.

अशाच एका बाजाराच्या दिवशी माय आली. एकटी. काखेत बोचकं, हातात पितळी तांब्या. आम्ही दोघंही धावलो. तिने घर पाहिलं, चूल पाहिली, तव्याखालची काजळी बोटाने पाहिली. दोरीला लटकलेला फिल्मचा तुकडा बघून "हाई काय, कुरडाया का?" असं विचारलं. मग ओट्यावर येऊन बसली. मी लख्ख घासलेल्या पेल्यात पाणी आणून पुढे धरलं.

"नको."

त्याला वाटलं, माझ्या हातचं नको असेल. आमच्या जाती वेगळ्या होत्या, आणि ते दिवसही तसे होते. तो आत गेला, स्वतः माठातून पाणी भरून आणलं. "माय, मन्हा हातनं पी."

"तुन्हाबी नको."

तिने बोचकं सोडलं, त्यातली दशमी काढली, आपल्या तांब्यातलं पाणी प्याली आणि शांतपणे दशमी खाऊ लागली. आमच्याकडे उन्हातून आलेला वैरीसुद्धा पाणी नाकारत नाही. नाकारलं, म्हणजे संबंध संपला. त्याचा चेहरा मी बघू शकलो नाही. तो पेला हातात धरून तसाच उभा राहिला. मी मनात म्हटलं, झालं. हे सांगायला ती एवढी चालत आली.

आमची घरमालकीण समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. या बाईच्या नजरेतून काही सुटत नसे आणि तोंडात काही राहत नसे. ती सूप घेऊनच इकडे आली.

"का वं माय, पोऱ्याना घरनं घोटभर पानीबी चालस नही तुले? इतला काय राग?"

माय दशमी चावत म्हणाली, "राग कसाना?"

"मंग?"

"आंडेरना घरनं पानी पेतस का कोनी?"

आंडेर म्हणजे लेक. लेक दिली की आईबापांनी तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत आमच्या भागात घरोघर होती. लेकीकडे जाताना बाया आपलं पाणी आणि आपली भाकर बांधून नेत. घरमालकीणही तशीच जायची, मी पाहिलेलं होतं. पण इथे तिला काही उमगेना. मलाही नाही.

"आंडेर?" तिने घरात वाकून बघितलं. "आठे आंडेर कोठे शे तुन्ही?"

"आंडोर शे. पन आंडोर का आंडेर, दिधा म्हंजे दिधा. दिधेल जागानं पानी मी पेस नही." आणि हातातली दशमी आमच्या दाराकडे दाखवून म्हणाली, "घर कोना नावनं शे? मास्तरना. भाडं कोन देस? मास्तर. मंग मन्हा पोऱ्या आठे नांदाले उना शे ना?"

तो ओरडला, "माय! मी काय नवरी शे का?"

"तू कोन शे ते माले नको सांगू. नव महिना मी वागाडेल शे तुले. मास्तर, याले भाकर कराले शिकाडा. तठे पडदावर गावभर इज्जत गयी मन्ही."

घरमालकीण सूप कमरेला टेकवून उभीच होती. तिने एकदा मायकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ती गल्ली गोळा करणार. पण मायने तिच्यासमोर ज्या रीतीवर बोट ठेवलं होतं ती तिची स्वतःची होती. ती मोडीत काढायची तर लेकीकडे तिने आजवर वाहून नेलेले तांबेही मोडीत निघाले असते. शेवटी ती म्हणाली, "खरं शे माय. दिधेल जागानं पेतस नही." मग मला दटावलं, "देखी काय ऱ्हायनात मास्तर? व्याहीन उनी शे. मन्हा घरनं पानी द्या तिले!" आणि स्वतःच लगबगीने जाऊन आपल्या माठातला गडू भरून घेऊन आली.

मायने तो घटाघट प्याला. उन्हातून आली होती, तहान तिलाही लागलेलीच होती.

तो खाली बसला आणि मायच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मी आत जाऊन उगाच चूल फुंकत राहिलो. धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगायची सोय झाली.

चैत्र सरला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. आमच्या खानदेशात आखाजीसारखा सण नाही. सासरी नांदणाऱ्या लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, हवं तेवढं हसतात. त्यांना आणायला भाऊ गाडी जुंपून जातो, त्याला मुराळी म्हणतात. शाळेला सुट्टी लागली होती. सकाळी मी वाचत बसलो होतो आणि तंबू जवळच्या गावी असल्याने घरी आलेला तो दाढी करत होता, तोच दारात दमणी थांबली. बैलांना झुली घातलेल्या होत्या. थोरला भाऊ खाली उतरला, पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं, आणि आमच्याकडे न बघता बैलांकडे बघून बोलला.

"मायनी धाडं शे. मुराळी म्हनीसन उनू मी."

अर्धा चेहरा साबणात असलेला तो दारात उभा राहिला. "काय?"

"बहिरा शे का? आखाजीले लेवाले उनू तुले. माहेरले चाल." हे बोलताना त्याने केवढा तरी निर्धार गोळा केलेला असणार. पण 'माहेरले' म्हणताच त्याच्या मिश्या हलल्या, त्याने ओठ दाबले, आणि पुढच्या क्षणी तो दमणीच्या चाकाला धरून खोखो हसत सुटला. हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "काय दिवस दखाडी ऱ्हायनी माय बी! गावमा माले सगया इचारतीन, बहीन कोठे शे तुन्ही? आनि मी हाऊ मिशीवाला उताराव!"

मी मागे सरकलो. ही त्यांची घरची गोष्ट होती. भावाने मला हाक मारली, "मास्तर, तुम्ही कोठे चालनात? मायनी सांगेल शे, जवाई रुसकट ऱ्हातस, त्याले पहिले बठाड."

वाटेत, शहादं मागे पडल्यावर, मी भीत भीत विचारलं, "मुलीकडच्यांचं काय झालं?"

"माय सोता गयी व्हती त्यासनाकडे." भावाने बैलांना चुचकारलं. "सांगं, मन्हा धाकलानं जमेल शे, तुम्ही दुसरं घर देखा."

"कुठं जमलंय म्हणून विचारलं नाही त्यांनी?"

"इचारं ना. माय बोलनी, शहादाले. शिकेल मानूस शे, बिडी पेस नही, मारस नही." भाऊ मान वळवून म्हणाला, "पोरीना बाप काय बोलना ठाऊक शे? बोलना, असा मन्ही पोरले बी देखी द्या."

ब्राह्मणपुरीला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाला दोन झोके बांधलेले होते आणि सगळ्या गावच्या लेकी तिथे होत्या. माय वाट बघतच होती. तिने आधी माझ्या पायांवर पाणी घातलं, जावयाच्या घालतात तसं. झोक्यावरच्या बाया वळून बघू लागल्या. एका म्हातारीने विचारलं, "धाकला सुट्टीवर उना का वं?"

"सुट्टीवर नही. आखाजीले उना," माय म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "शहादाले नांदस तो. माहेरले उना."

मग झोक्याजवळून त्याच्या वहिनीचा आवाज आला, खणखणीत, "मंग माहेरले उना तर झोकावर बठा म्हना त्यासले! आम्ही काय फुकट गाना म्हनी ऱ्हायनूत?"

बायांत हशा उसळला. दोघीतिघींनी त्याला दंडाला धरून ओढतच नेलं. तो "अरे सोडा, दोर तुटी!" म्हणत होता आणि आपल्या पायांनी चालतही होता. त्याला फळीवर बसवलं. निंबाची फांदी करकरली. पहिला झोका वहिनीने दिला, दुसरा कुणा म्हातारीने. मग त्याने स्वतः पाय मारायला सुरुवात केली, आणि बायांनी गाणं उचललं. तो वर जात होता, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून, मिशीखालचे सगळे दात दाखवत, निंबाच्या पानांत डोकं जाईपर्यंत वर. माझ्या शेजारी उभी असलेली माय टाळ्या वाजवत ओरडत होती, "आखो उंच! आखो उंच जाऊ द्या त्याले!"